बंदीच्या महिन्यातल्या बेस गिटारी

सोमवार, २८ एप्रिल

सकाळी लामिले आली. पोटची मुलगी, पण हातात मोजपट्टी. अक्रातल्या चोरकोरला मासे विकून हिनं दोन घरं बांधली, आता डोळा माझ्या दुकानावर. भिंत मोजली, दार मोजलं, मला मोजायची तेवढी राहिली. म्हणाली, आई, इथे तीन मोठे फ्रीजर बसतात, बर्फातले मासे ठेवू. ममप्रोबीत एवढ्या मोक्याच्या जागी गिटारीवरची धूळ कोण विकत घेतं?

मी म्हटलं, तुझ्या बापानं ‘गॉड्स टाइम म्युझिकल्स’ उघडलं तेव्हा तुला दात यायचे होते. ती म्हणाली, तेव्हा गिऱ्हाइकं होती.

दुकानाचं भाडं गेली दोन वर्षं ती भरते. हे ती बोलली नाही. मीही विषय काढला नाही.

शेवटी ठरलं. यंदाची महिनाभराची ढोलबंदी लागून उठेल त्या दिवसापर्यंत बारापैकी सहा बेस गिटारी विकल्या, तर दुकान माझं आणि मोजपट्टी पुन्हा दिसणार नाही. नाही विकल्या तर फ्रीजर. तिनं विचारलं, कुठल्या बारा? मी म्हटलं, मागवल्यात.

आता मागवायला हव्यात.

मंगळवार, २९ एप्रिल

बेसच का, ते इथे मांडून ठेवते. घाईत तोंडातून निघालं असं कुणी म्हणायला नको.

एक. गेल्या महिन्यात तीनदा बेसची चौकशी झाली. (माणूस एकच होता. पण चौकशी तीनदा झाली.)
दोन. साध्या गिटारीला तारा सहा, बेसला चार. तुटायला दोन कमी.
तीन. लाकूड जास्त. वाजली नाही तरी काहीतरी मिळालं असं घेणाऱ्याला वाटतं.

चौथीपर्यंत शिकले. पाचवीत गेले असते तर मंत्री झाले असते.

शनिवार, ३ मे

टेमा बंदरात जाऊन आले. तिथे आडोटे नावाचा माणूस हॉलंडहून जुन्या सामानाचे कंटेनर उतरवतो. सायकली, गाद्या, धुलाईयंत्रं, आणि मागे कोपऱ्यात गिटारी. वायर जोडून बघू म्हटलं तर म्हणाला, वीज नाही, आन्टी. हरकत नाही. मडकं घेताना मी वीज मागते का? एकेकीला बोटानं टकटक करून पाहिलं. ज्यांचा आवाज भरीव आला त्या बाजूला काढल्या. मग वजन केलं. सर्वांत जड त्या बारा घेतल्या.

आडोटे हसत होता. माझ्या हुशारीनं गांगरला असणार. भाव पाडला तर लगेच कबूल झाला, एवढा लगेच की आणखी पाडायला हवा होता. सोन्याच्या बांगड्यांपैकी एक गेली. हात तसाही जड वाटत होता.

मंगळवार, ६ मे

गिटारी पुसून टांगल्या. पुसताना ओकायची आठवण आली. ओकाय म्हणजे माझा नवरा, देवानं त्याला शांती द्यावी आणि थोडी अक्कलही. ह्या रस्त्यावर तेव्हा ओळीनं वाद्यांची दुकानं होती. प्रत्येक हॉटेलात बँड, प्रत्येक बँडला तारा लागायच्या, आणि उधार फक्त ओकाय द्यायचा. मग सैनिकांचं राज्य आलं, संध्याकाळी बाहेर पडायला बंदी. बँडवाले टॅक्सी चालवायला लागले. ओकाय एकेक तार सुटी विकायचा, कोथिंबीर विकावी तशी. मग चर्चं उगवली. प्रत्येक गल्लीत एक, प्रत्येकाला ड्रम, गिटार, भोंगा. तेव्हा आम्ही घरावरचा पत्रा काढून स्लॅब टाकला. मग कीबोर्ड आले. एक माणूस, एक पेटी, सगळी वाद्यं आत.

ओळीतली दुकानं गेली. एक टोपांचं झालं, केसांच्या. एक सट्ट्याचं. एकात मोबाइलवरून पैसे पाठवतात. मी एकटी राहिले. लोक म्हणतात, आन्टी, तुम्ही कशा तगलात? मी म्हणते, डोकं लागतं.

भाड्याचं वर लिहिलंय. पुन्हा लिहीत नाही.

सोमवार, १२ मे

बंदी लागली. पुजाऱ्यांनी बाजरी पेरली की महिनाभर अक्रात ढोल नाही, भोंगा नाही, देवांना शांतता लागते. आम्ही गा जमातीचे लोक हे आईच्या पोटातून शिकून येतो. बाहेरगावचे पाद्री दरवर्षी नव्यानं शिकतात, बंदी पाळायला लावणाऱ्या टास्क फोर्सनं ड्रम उचलून नेल्यावर.

लामिले दारातूनच हसली. म्हणाली, वर्षातला हाच महिना सापडला तुला वाद्यं विकायला. तिला बसवून समजावलं. ढोलाला आवाज असतो. बेसला स्वतःचा आवाजच नाही. आवाज वाढवणाऱ्या खोक्याला वायर जोडली नाही तर तिच्यापेक्षा डास मोठ्यानं बोलतो. म्हणजे महिनाभर बिनदिक्कत वाजवता येईल असं वाद्य एकच, आणि ते फक्त माझ्याकडे.

ती म्हणाली, “आई, जे ऐकूच येत नाही ते कोण विकत घेईल?”

मासे तरी कुठे बोलतात? तिचे जातातच की.

दाराला पाटी लावली: बंदीत वाजवा. आवाज नाही, दंड नाही. आत या.

बुधवार, १४ मे

टास्क फोर्सचे तिघे आले. समोरच्या मोबाइलवाल्याचा भोंगा आधीच काखेत मारलेला. पाटी वाचून त्यांना संशय आला. त्यातला धिप्पाड होता त्यानं गिटारीला कान लावला, डॉक्टर छातीला लावतो तसा. म्हणाला, वाजव. मी म्हटलं, तूच वाजव, माझे हात पिठाचे आहेत. तो स्टुलावर बसला तो बसलाच. बाकीचे दोघे दारात उभे राहून कंटाळले. जाताना म्हणाला, ड्यूटी संपली की येतो.

पहिलं गिऱ्हाईक सरकारी मिळालं. शुभ आहे.

शनिवार, १७ मे

पाटी बोलतेय. आज दुकानात पाच माणसं. कोतेय आला, तो ट्रोट्रोची प्रवासी व्हॅन चालवतो, आणि रविवारी चर्चमध्ये बेस वाजवायचा, चर्चनं बेस विकून एसी घेईपर्यंत. बोटं कच्च्या केळ्यांसारखी. एक जड गिटार मांडीवर घेतली आणि डोळे मिटले. व्हॅन रस्त्यात आडवी, मागे हॉर्न. हॉर्नलाही बंदी हवी होती.

भाव विचारला नाही. भाव विचारत नाही तो माणूस मनातून ठरवून आलेला असतो.

गुरुवार, २२ मे

खुर्च्या कमी पडल्या. अंत्यविधीला मंडप देतो त्याच्याकडून वीस खुर्च्या भाड्यानं आणल्या. बारा गिटारी बारा मांड्यांवर, बाकीचे पाळी धरून बसलेले. आवाज असा, जणू घरभर बायका केंकेच्या, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या गोळ्यांवरची सालं सोलतायत. ह्या आवाजात मला चांगली झोप लागते. पण मी झोपले नाही, लक्ष ठेवून होते. कोण चुकतो ते आता बोटांवरून कळतं. कोतेयला म्हटलं, तिथे तिसऱ्या तारेवर जातोस ते उगाच. तो म्हणाला, आन्टी, तुम्ही वाजवता का? मी म्हटलं, मी विकते.

त्यानं विचारलं, किमतीची चिठ्ठी मनगटाला घासते, काढू का? मी लगेच काढून दिली. चिठ्ठी काढली म्हणजे माल गेला.

लामिले डोकावली. गर्दी बघून गेली. दुपारी तळलेल्या मासळीचं घमेलं आणि केंके पाठवून दिले. तासाभरात घमेलं रिकामं. बेसमुळे मासा खपला, पण ती कबूल करायची नाही.

रविवार, २५ मे

पास्टर आमार्टेच्या चर्चला गेले. हा माणूस ओकायच्या हयातीत आमच्याकडून तारा न्यायचा. म्हटलं, निदान दोन तरी ह्याच्या गळ्यात मारू. बंदीमुळे चर्च दबकं, टाळ्यासुद्धा बोटांच्या टोकांनी. कोपऱ्यात कीबोर्डवाला हळू वाजवत होता.

प्रार्थना संपल्यावर पास्टरला गाठलं. तो म्हणाला, आन्टी, बेस कशाला हवा? हा आमचा कीबोर्डवाला उजव्या हातानं गाणं वाजवतो आणि बेस डाव्या हातानं.

मी विचारलं, कुठल्या हातानं?

“डाव्या.”

मी तिथेच बसले. ज्या हातानं मी शेजारणीला मीठ देत नाही, ज्या हातानं बोट दाखवलं म्हणून आईनं माझं बोट सुजवलं, त्या हातानं हे मेले देवाला बेस देतात? पास्टर म्हणाला, देव हात बघत नाही, अंतःकरण बघतो. मी म्हटलं, मग पुढच्या रविवारी दानाच्या पेटीत डाव्या हातानं टाकते सगळ्यांसमोर, मग बघू तुम्ही काय बघता. मागच्या बाकावरच्या दोन म्हाताऱ्या “खरंय” म्हणाल्या.

एवढं मोठं हत्यार हातात होतं आणि मी लाकडाचं वजन सांगत बसले होते. बेस गिटारीत तार छेडायला उजवा हात. बस्स. उद्यापासून हेच.

बुधवार, २८ मे

तीन दिवस चर्चं पालथी घातली. दुकानातही सांगते, रस्त्यातही सांगते. केंकेवाली मला बघून हात मागे घेते. पास्टरांच्या बायका माझ्या बाजूनं आहेत. लामिलेनं निरोप पाठवला, आई, तू बाजारात भांडत फिरतेस असं ऐकलं. मी भांडत नाही. धंद्यात याला जाहिरात म्हणतात.

रविवार, १ जून

जाहिरात लागू पडली. पास्टर आमार्टेच्या म्हाताऱ्यांनी आवाज उठवला. पास्टरनं कीबोर्डवाल्याला ताकीद दिली, डावा हात मांडीवर ठेव. मी मुद्दाम पहिल्या रांगेत बसले. आता बिनबेसाचं भजन कसं लंगडं वाटेल, लोक कसे एकमेकांकडे बघतील, आणि पास्टर कसा माझ्याकडे येईल.

भजन झालं. लोक गायले. कुणाच्या काही लक्षातही आलं नाही.

पास्टर आला मात्र. म्हणाला, आन्टी, तुमचे उपकार, कीबोर्डवाल्याचा अर्धा पगार वाचला.

पुढच्या रविवारी लक्षात येईल. कान सुजले असतील तर उतरायला वेळ लागतो.

मंगळवार, ३ जून

विक्री अजून नाही. पण ठरवून बसलेले बारा आहेत, आणि पाळी धरून बसलेले आणखी. हे सगळे एकदम घेतील तेव्हा मला माणसं आवरायची नाहीत. कोतेयनं काल गिटारीचं तोंड स्वतःच्या बनियननं पुसलं. बनियननं बायकोसुद्धा कुणी पुसत नाही.

शुक्रवार, ६ जून

आजचं नीट लिहून ठेवते.

दुपारी एक माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, उजवा हात खांद्यापर्यंत प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी. ताकोराडीचा. तिथे संगीत शिकवायची शाळा काढतोय. म्हणाला, सहा बेस हवेत. मी पुन्हा विचारलं, किती? सहा. सगळं दुकान थांबलं, सालं सोलायचा आवाजही थांबला. त्यानं भाव विचारला, मी सांगितला, त्यानं पाडला, मी थोडा पाडू दिला. कोतेयनं आपली मांडीवरची गिटारसुद्धा काढून दिली, रडवेला झाला होता मेला, पण दिली.

मग माणसानं नोटांचं बंडल काढलं आणि माझ्यासमोर धरलं. डाव्या हातानं. “डावा हात आहे, माफ करा,” एवढं तरी माणूस म्हणतो. हा तेही म्हणाला नाही.

प्लास्टर होतं, मान्य. पण दुकानात वीस माणसं आणि दारात केंकेवाली. त्या सगळ्यांना मी दोन आठवडे काय सांगत होते? सगळे माझ्या हाताकडे बघत होते.

मी म्हटलं, “तुमच्या आईनं शिकवलं नाही का कुठल्या हातानं द्यायचं?”

तो म्हणाला, “आन्टी, हात मोडलाय.”

मी म्हटलं, मोडला असेल, पण तोंड शाबूत आहे ना, माफी मागता येते. कोतेय मागून कुजबुजला, आन्टी, घ्या. टास्क फोर्सवाला म्हणाला, आन्टी, घ्या हो. मी म्हटलं, खाली ठेव, जमिनीवरून उचलते. त्या माणसानं बंडल खिशात ठेवलं, अर्थात डाव्याच हातानं, आणि म्हणाला, मी पैसे द्यायला आलो होतो, भीक टाकायला नाही. गेला.

केंकेवालीनं मान डोलावली. मला पटलं की बरोबर केलं. अशी गोष्ट गावभर होते. उद्या लोक म्हणतील, जावं तर त्या बाईच्या दुकानात, तिथे रीत आहे. सहा काय, बाराच्या बारा जातील.

जेवण गेलं नाही. मासा खारट होता.

शनिवार, ७ जून

कोतेयनं सांगितलं, तो माणूस सरळ टेमाला गेला, आडोटेकडून सहा घेतल्या. आणि वर कोतेयच म्हणाला, “आन्टी, तुम्ही त्याला मोबाइलवर पैसे पाठवायला सांगायचं होतं. फोनला कुठे डावा-उजवा असतो?”

फोनवरच्या पैशाला मी पैसा मानत नाही, हे मी त्याला ऐकवलं. मग बराच वेळ फोनकडे बघत बसले. मेल्यानं कालच का नाही सांगितलं.

बुधवार, ११ जून

उद्या बंदी उठणार. सहा जायला हव्यात, आणि एक दिवस आहे. घाबरायचं कारण नाही. माणसं महिनाभर जीव लावून बसलीत, उद्या मोकळीक मिळाली की घरी नेऊन खोक्याला जोडायची घाई होईल. लामिलेला निरोप दिला, उद्या ये आणि बघ. सहा पिशव्या काढून ठेवल्या. मोड म्हणून सुटे सेडी आणले.

गुरुवार, १२ जून

बंदी उठली. दुपारी पुजाऱ्यांचा ढोल वाजला आणि लगेच गावभर सगळं सुटलं. समोरचा भोंगा, चर्चचे ड्रम, ट्रोट्रोचे हॉर्न, रस्त्यावरचा पाद्री. महिनाभराचं सगळं एकदम बाहेर.

दुकान रिकामं. वीस खुर्च्या आणि मी. लामिले आली, माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली. मोजपट्टी आणली नव्हती, हे मला जास्त लागलं.

संध्याकाळी सगळे आले. कोतेय पुढे, मागे टास्क फोर्सवाला, आणखी पंधराएक. मी पिशव्यांना हात घातला. त्यांनी माझ्यापुढे माल्टाच्या थंड पेयाच्या बाटल्यांचा खोका ठेवला आणि अंगावर घालायचं नवं कापड, वर्गणी काढून आणलेलं. कोतेयनं छोटंसं भाषण केलं. म्हणाला, आन्टी, आमच्या बायका विचारतात बंदीच्या महिन्यात तुम्ही जाता कुठे, आता सांगू. देव तुम्हाला खूप आयुष्य देवो. सगळ्यांनी उजव्या हातानं हात मिळवले, एकेकानं, अगदी जपून.

“पुढच्या वर्षी बंदी लागली की येतोच,” टास्क फोर्सवाला म्हणाला.

लामिलेनं सगळ्यांना बाटल्या फोडून दिल्या. मला म्हणाली, आई, सोमवारी आणू का? मी म्हटलं, सकाळी आण, दुपारी ऊन लागतं फ्रीजरला.

सोमवार, १६ जून

फ्रीजर आले. तीन. माणसांनी उलटे आणले, मी ओरडले म्हणून सरळ झाले. आडोटेला फोन केला, बारा परत घे. तो इतका हसला की मी ठेवून दिला. गिटारी वर खिळ्यांना टांगल्या, खाली बर्फ. लामिलेला म्हटलं, हा माझा पहिल्यापासूनचा विचार, संगीत आणि मासळी एका छताखाली, अक्रात असं दुकान नाही. ती म्हणाली, खरंच नाही.

गल्ल्यावर मीच बसायचं ठरलं. ती म्हणाली, एवढं तोंड पगारावर मिळत नाही.

पाटी तीच ठेवली. नवी रंगवायला पैसे पडतात.

शनिवार, २८ जून

धंदा ठीक. रांग लागते. लोक मोबाइलवरून पैसे पाठवतात, मी घेते. वय झालं की बोटांना नोटा सुटत नाहीत, म्हणून.

आज कोतेय बांगडा न्यायला आला. व्हॅन आडवी, मागे हॉर्न. मी बांगडा तोलला तरी हा मधल्या फ्रीजरपाशी मान तिरकी करून उभा. मी म्हटलं, बर्फ झालाय का तुझा? तो म्हणाला, श्श, आन्टी. मग वरची एक गिटार काढली, मांडीवर घेतली, आणि फ्रीजर घूं करतो त्याच्या सुराला तार जुळवायला लागला. रांग थांबली. मागच्या बाया शिव्या द्यायच्या सोडून ऐकायला लागल्या. बराच वेळ वाजवलं. तिसऱ्या तारेवर उगाच गेला नाही. मग फ्रीजरच्या झाकणावर थाप मारली, म्हणाला, काय सूर आहे, जराही हलत नाही.

मग किंमत विचारली. महिनाभर माझी गिटार मांडीवर घेऊन बसला, चिठ्ठी काढायला लावली, बनियननं पुसली, कधी म्हणून किंमत विचारली नाही. आज पहिल्यांदा विचारली.

फ्रीजरची.

मी सांगितली. थोडी चढवूनच.